सावडीपुरते पत्ते

आमच्या गावाचा पिनकोड ४२२२१५. तो न लिहिता नुसते 'वणी' लिहिले, तर पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीची, म्हणजे ४४५३०४ ची, वारी करून येण्याचा संभव असतो. त्यात भर अशी की, सारा महाराष्ट्र जिला 'वणीची देवी' म्हणतो ती सप्तशृंगी गडावर, आणि गड कळवण तालुक्यात. आमची वणी मात्र दिंडोरी तालुक्यात. नाव, पत्ता आणि ठिकाण या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे वणीकरांस कोणी शिकवावे लागत नाही. तरीही पत्त्याविषयीची एक समजूत आपल्या सर्वांच्या मनात फार घट्ट बसलेली असते. पत्ता बिनचूक असला की पोचण्यास अडचण नसावी, ही ती समजूत. टपालाच्या बाबतीत ती बहुतांशी खरी आहे. आंतरजालाच्या बाबतीत ती खरी नाही, आणि ती का खरी नाही याचा विचार साहित्याच्या माणसांनीही करावा, असे आम्हांस वाटते.

निमित्त साधेच आहे. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना आम्ही एका जुन्या कोशाची संगणकीकृत प्रत पाहावयास सांगितली होती. ती मुलांच्या मोबाइलवर उघडे, पण महाविद्यालयाच्या तारेवरून उघडत नसे. संकेतस्थळ बंद नव्हते, त्यावर परवलीच्या शब्दाचे कुलूप नव्हते, आणि सरकारने बंदी घालावी असे त्या बिचाऱ्या कोशात काही नव्हते. जोडणी पाहावयास आलेल्या तरुण तंत्रज्ञाने दोन मिनिटे यंत्राकडे पाहून निकाल दिला: "सर, त्यांचा रूट आपल्याकडे येतच नाही." पुढे काही दिवसांनी तो 'येऊ' लागला. कोणाच्या कृपेने, ते कळले नाही. पण त्या वाक्यातला 'येतच नाही' हा प्रयोग आमच्या मनात राहिला. आपण संकेतस्थळावर 'जातो' अशी आपली भाषा. त्या तंत्रज्ञाच्या भाषेत मात्र आधी रस्ता आपल्याकडे 'यावा' लागतो. व्याकरणाचा हा फरक नुसता बोलण्यातला नाही. सारे रहस्य त्यातच आहे.

टपालाची रीत आधी पाहू. पिनकोडाची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. ती सिद्ध करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातील अधिकारी, आणि संस्कृत कवी व नाटककार. (भाषेच्या माणसाने आकड्यांच्या वाटेस जाऊ नये असे म्हणणाऱ्यांस आमचे हे पहिले उत्तर.) या संख्येची रचना समासासारखी उलगडते. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. ४२ म्हणजे त्यातला एक उपविभाग. ४२२ म्हणजे नाशिक. आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे. गुवाहाटीच्या टपाल्यास वणी कोठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. पहिला अंक पाहून थैली योग्य गाडीत टाकली की त्याचे काम संपले. आणि मुख्य गोष्ट अशी की, गाडी कोणाची हा प्रश्नच तेथे येत नाही. टपालखाते एक आहे.

आंतरजालावरील पत्ताही असाच आकडा आहे. जुन्या, अजूनही सर्वाधिक रुळलेल्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते संभवतात. ते सुटे दिले जात नाहीत, गटागटाने दिले जातात. २५६ चा गट, १०२४ चा गट, असे. पिनकोडाप्रमाणेच गटाचा आरंभीचा भाग समान असतो. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून झाले, त्याच वर्षी १५ एप्रिलला आशियाच्या वाट्याचा खुला साठाही आटला, आणि त्यानंतर पत्ता ही जमिनीसारखी जपण्याची वस्तू झाली. येथवर साम्य आहे. भेद असा की, पिनकोड जागेचा असतो आणि हा गट मालकाचा असतो. तो कोणत्या गावात आहे हे आकड्यावरून सांगता येत नाही. आज मुंबईत असलेला गट उद्या सिंगापूरला नेता येतो. मग तो कोठे आहे हे जगास कळते कसे? मालक दवंडी देतो म्हणून.

'दवंडी' हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरीत आहोत. आंतरजाल ही एक वस्तू नसून, हजारो स्वतंत्र जाळ्यांचा समूह आहे. दूरसंचार कंपन्या, विद्यापीठे, बँका, तालुक्याचे केबलचालक, अशी ही जाळी. प्रत्येक जाळे आपल्या शेजाऱ्यास सांगते, की अमुक पत्त्यांचा गट माझ्याकडे आहे, त्यांचे टपाल माझ्याकडे द्या. शेजारी ते ऐकतो आणि त्याला योग्य वाटले तर पुढच्या शेजाऱ्यास सांगतो. या कानगोष्टीस जो नियमबद्ध आकार आहे, त्याचा पहिला आराखडा जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेत ऑस्टिन येथे एका जेवणाच्या वेळी, हात पुसावयाच्या कागदांवर, कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर या दोघांनी काढला. तात्पुरती सोय म्हणून काढलेली ती रीत सुधारून-वाढवून आजही चालू आहे. जगभर ऐकू जाणाऱ्या अशा दवंड्यांची संख्या आज दहा लाखांच्या आसपास आहे. एकूण पत्त्यांचा गट कितीही खरा असो, मालकीचा कागद कितीही पक्का असो, दवंडी तुमच्या कानापर्यंत आली नसेल तर तुमच्यापुरता तो पत्ता नाही. तंत्रज्ञ म्हणत होता ते हेच.

आता प्रश्न असा की, ऐकलेली दवंडी शेजारी पुढे का सांगत नाही? येथे आमच्या भागातल्या जुन्या शेतकऱ्याची परिभाषा संगणकशास्त्राच्या पुस्तकाहून अधिक कामाची आहे. एकाकडे एक बैल, दुसऱ्याकडे एक. दोघे मिळून औत धरतात, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पैसा हलत नाही, हिशेब तोंडी असतो. यास सावड म्हणतात. द्राक्षबागांच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येऊ लागल्यापासून हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांना आजोबांकडून ऐकलेला तेवढा ठाऊक असतो; पण अर्थ विचारला तर अजून सांगता येतो. दोन जाळी एकमेकांच्या ग्राहकांचे टपाल बिनपैशाने वाहतात, तेव्हा त्या व्यवहारास त्या धंद्यात 'पीअरिंग' म्हणतात. पीअर म्हणजे बरोबरीचा. 'पीअरिंग'ला मराठीत सावड म्हणण्यास काहीच हरकत नसावी. याउलट, ज्याच्यापाशी ऐपत आहे अशा मोठ्या जाळ्यास महिन्याचे पैसे मोजून 'माझी दवंडी साऱ्या जगाला दे आणि साऱ्या जगाची मला ऐकव' असे सांगणे, हा दुसरा व्यवहार. त्यास 'ट्रान्झिट' म्हणतात. ती भाड्याची गाडी.

सावडीचा एक नियम न लिहिता सर्वांना ठाऊक असतो. सावडीत आलेला बैल तिसऱ्याच्या रानात नेत नाहीत. तुझा बैल मी माझ्या शेतात जुंपीन, पण माझ्या मेहुण्याच्या शेतात तो फुकट राबवीन, असे चालत नाही. नेमका हाच नियम जाळी पाळतात. सावडीदाराकडून ऐकलेली दवंडी जाळे आपल्या पैसे देणाऱ्या ग्राहकांना सांगते, पण दुसऱ्या सावडीदाराला सांगत नाही, आणि स्वतः ज्याला भाडे देते त्या मोठ्या जाळ्यालाही सांगत नाही. सांगितली तर तिकडून येणारे परके टपाल आपल्याच खर्चाने वाहावे लागेल. यात दुष्टावा काही नाही.

या एका नियमातून आमच्या मथळ्यातली गोष्ट आपोआप निघते. समजा, एखाद्या जाळ्याने आपल्या एका गटासाठी भाड्याची गाडी घेतलीच नाही, नुसत्या सावडीवर भागवले. मग त्या गटाची दवंडी सावडीदारांना आणि सावडीदारांच्या ग्राहकांना ऐकू जाईल, त्यापलीकडे जाणार नाही. तुम्ही त्या वर्तुळात असाल तर संकेतस्थळ शेजारच्या खोलीत असल्यासारखे उघडते. वर्तुळाबाहेर असाल, आणि तुम्ही ज्याला पैसे देता तोही बाहेर असेल, तर तुमची विनंती तुमच्या पुरवठादारापर्यंत जाते आणि तेथे टाकून दिली जाते. शिवाय रस्ता दोन्ही बाजूंनी लागतो. तुमची विनंती कशीबशी पोचली, पण तुमच्या पत्त्याची दवंडी त्यांनी ऐकलेली नसली, तर उत्तर निघते आणि वाटेत हरवते. पडद्यावर दोन्ही वेळा तेच दिसते: फिरणारे चक्र.

असे कोणी का करील? कारणे एका जातीची नाहीत, आणि आमच्या मते सारा वाद तेथेच नीट लावला पाहिजे. 'आंतरजाल सर्वांसाठी खुले असते' हे घोषवाक्य जितके भाबडे, तितकाच 'हा पाहा भेदभाव' हा संतापही उतावळा.

पहिले कारण निव्वळ पैशाचे. भाड्याच्या गाडीला भाडे पडते. ज्यांचे वाचक चार शेजारी जाळ्यांतच आहेत त्यांना ते वाया गेल्यासारखे वाटते. दुसरे, गटाच्या लहानपणाचे. २५६ पत्त्यांहून लहान गटाची दवंडी जगात सहसा कोणी ऐकूनच घेत नाही. प्रत्येक यंत्रास साऱ्या दवंड्या पाठ ठेवाव्या लागतात, आणि पाठांतराला मर्यादा असते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी दवंड्यांची संख्या पाच लाख बारा हजारांवर गेली तेव्हा कित्येक जुनी यंत्रे त्या ओझ्याने अडखळली होती. लहान गट खाजगी सावडीत मात्र चालतो.

तिसरे कारण सद्हेतूचे आहे, आणि त्याचे उदाहरण आपल्या देशातलेच आहे. आंतरजालावरील नावांचे आकड्यांत भाषांतर करणाऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी तेरा 'मूळ' सेवक आहेत, इंग्रजी ए पासून एम पर्यंतच्या अक्षरांनी ओळखले जाणारे. २००५ मध्ये त्यांपैकी तिघांच्या प्रती भारतात आल्या. त्यांतली एफ ची प्रत चेन्नईस होती. एफ चालविणाऱ्या संस्थेने तेव्हा जगभर ठेवलेल्या बहुतेक प्रतींवर मुद्दाम एक शिक्का मारलेला असे: ही दवंडी शेजाऱ्यापलीकडे नेऊ नये. पत्ता सगळीकडे तोच, पण चेन्नईची प्रत भोवतालच्या जाळ्यांपुरती. इतरांनी अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांकडे जावे. हेतू असा की, लहान गावच्या विहिरीवर साऱ्या मुलखाच्या कावडी येऊन पडू नयेत. या मर्यादेस कोण अन्याय म्हणेल? उलट मर्यादा सुटली की काय होते तेही जगाने पाहिले आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानच्या दूरसंचार कंपनीने यूट्यूब आपल्या देशापुरते बंद करण्यासाठी त्याच्या एका पत्ता-गटाची खोटी दवंडी घरातल्या घरात दिली. ती चुकून बाहेर गेली, वरच्या जाळ्याने न तपासता पुढे सांगितली, आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागाचे यूट्यूब त्या खड्ड्यात जात राहिले. घरातली गोष्ट घरात ठेवणे ही आंतरजालाचीही नीती आहे.

विद्वानांची जाळी हाही याच प्रकारचा, पण अधिक विचार करण्याजोगा नमुना. आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेटचा प्रकल्प निघाला. मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्याच्या अग्रभागी होते, आणि सामान्य माणसाला १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाकडून आंतरजाल मिळाले त्याच्या कितीतरी आधी तेथील संशोधक परदेशी विरोप पाठवीत होते. पुढे २०१० मध्ये मान्यता मिळालेल्या राष्ट्रीय ज्ञानजालाने मोठ्या संस्था जोडल्या. या जाळ्यांची देशोदेशीच्या तशाच जाळ्यांशी सावड असते. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था जिनीव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतील प्रयोगांची माहिती हाताळते, तेव्हा ते ओझे बाजारी रस्त्यावरून जात नाही, संशोधकांच्या राखीव मार्गांनी जाते. तेथील काही पत्ते त्या वर्तुळापुरतेच असतात, आणि ते योग्यही आहे. पण या वर्तुळाची कड कोठे येते ते वणीहून चांगले दिसते. विद्यापीठ आत, संलग्न ग्रामीण महाविद्यालय बाहेर. पदवी एकाच विद्यापीठाची, पण रस्ता निराळा. आमचा रस्ता केबलचालकाच्या खांबावरून जातो.

आणि चौथे कारण, भांडण. ५ ऑक्टोबर २००५ रोजी अमेरिकेत लेव्हल थ्री या बलाढ्य जाळ्याने कोजंट या दुसऱ्याशी असलेली सावड तोडली. तुझे टपाल माझ्याकडे फार येते, ही बरोबरी राहिली नाही, असे तिचे म्हणणे. दोघांपैकी कोणीच मध्यस्थाला भाडे देण्यास तयार नव्हते. परिणामी, जे ग्राहक केवळ एकाचेच होते त्यांना केवळ दुसऱ्याच्याच असलेल्या ग्राहकांची संकेतस्थळे काही दिवस दिसेनाशी झाली. पैसे भरलेले, तारा शाबूत, यंत्रे सुरू. ३० ऑक्टोबर २००८ ला स्प्रिंट आणि कोजंट यांच्यात तेच घडले. २००९ मध्ये तर नव्या पद्धतीच्या पत्त्यांसाठी हरिकेन इलेक्ट्रिक नावाच्या जाळ्याने कोजंटची मनधरणी करावी म्हणून तंत्रज्ञांच्या संमेलनात चक्क विनवणी लिहिलेला केक नेला. केक खाल्ला गेला, सावड काही जमली नाही, आणि पुढे कित्येक वर्षे त्या दोघांच्या एकट्या ग्राहकांना परस्परांचे नवे पत्ते मिळत नव्हते.

येथे एक गंमत लक्षात घ्यावी. या उतरंडीच्या अगदी माथ्यावरची जी डझनभर जाळी आहेत, ती कोणालाच भाडे देत नाहीत. त्यांचे सारे पत्ते केवळ सावडीनेच पोचतात. म्हणजे 'सावडीपुरता पत्ता' ही दरिद्र्याची खूण आहे तशी कुबेराचीही आहे. फरक एवढाच की, कुबेराशी सावड तोडणे कोणास परवडत नाही.

तर मग आमची तक्रार कशाविषयी? मर्यादेविषयी नाही. मर्यादा कोणती वस्तू घालते आणि कोणाच्या जिवावर, याविषयी आहे. चेन्नईच्या प्रतीची मर्यादा वाचकाच्या सोयीसाठी होती, आणि तिच्यामागे दुसरी वाट उघडी होती. लेव्हल थ्रीच्या भांडणात मागे वाट नव्हती. ज्या पत्त्यावर सार्वजनिक वस्तू आहे, म्हणजे विद्यापीठाचा निकाल, सरकारी निर्णय, विश्वकोश, पोथ्यांच्या प्रती, तो पत्ता एकाच सावडीच्या भरवशावर ठेवणे हे सार्वजनिक ग्रंथालयाचे दार एका भाडेकरूच्या माजघरात उघडण्यासारखे आहे. ग्रंथालय बंद आहे असे कोणी म्हणू शकत नाही, आणि आत जाता येईलच असेही नाही.

याचे उत्तर शोधण्याचा एक सरकारी प्रयत्न आपल्याकडे झाला, आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. नोव्हेंबर १९९८ पासून खाजगी सेवापुरवठादारांस परवाने मिळू लागले. पण त्यांची आपापसांत सावड नव्हती, परदेशी गाड्या मात्र प्रत्येकाने ठरविलेल्या. त्यामुळे दादरच्या माणसाचे पत्र दुसऱ्या कंपनीच्या ठाण्याच्या ग्राहकाकडे अमेरिकेची वारी करून जाई. (आमच्या टपालाची यवतमाळवारी त्यापुढे काहीच नाही.) जून २००३ मध्ये 'निक्सी', म्हणजे भारताचे राष्ट्रीय आंतरजाल देवघेव केंद्र, ही ना-नफा संस्था स्थापन झाली; नॉइडा, मुंबई, चेन्नई व कोलकाता येथे तिचे आरंभीचे चावडीवजा फाटे उभे राहिले. येथे यावे, यंत्र जोडावे आणि एकमेकांची दवंडी ऐकावी. तिचा एक नियम आम्हांस विशेष शहाणपणाचा वाटतो: मुंबईच्या फाट्यावर येणाऱ्याने निदान आपल्या विभागातल्या पत्त्यांची दवंडी दिलीच पाहिजे. सावड ऐच्छिक असते. येथे तिला थोडे कर्तव्याचे रूप दिले गेले. मात्र आरंभीच्या काळातला दुसरा नियम, ज्याने माहिती मागवली त्याने पाठविणाऱ्यास पैसे द्यावेत हा, आम्हांस मुळीच पटत नाही. वाचक ज्यांच्याकडे अधिक आणि ग्रंथ कमी, अशा लहान पुरवठादारावरच त्याचा भार पडतो. सावडीत बैलाचे भाडे घेऊ लागले की ती सावड राहत नाही.

त्यानंतर मुंबईत खाजगी फाटेही निघाले आणि देवघेव वाढली. पण दरम्यान दुसराच एक बदल झाला. लोकप्रिय चित्रफितींच्या प्रती गूगल, नेटफ्लिक्स यांसारख्या कंपन्या थेट पुरवठादारांच्या आवारात ठेवू लागल्या, आणि त्या प्रती मुख्यतः त्या पुरवठादाराच्या ग्राहकांपुरत्या असतात. त्यामुळे गाणे वणीच्या मुलाला क्षणात मिळते. विश्वकोशातली नोंद मात्र ज्या एका यंत्रावर असेल तेथवरची सगळी वाट चालून येते, आणि त्या वाटेवर कोणाचे कोणाशी जमते यावर तिचे येणे अवलंबून राहते. लोकप्रिय वस्तूला जवळचा रस्ता मिळणे हा बाजाराचा धर्म आहे, त्याला आमची हरकत नाही. पण ज्या वस्तूला बाजार नाही तिच्या रस्त्याची काळजी कोणी तरी जाणीवपूर्वक घ्यावी लागते, आणि मराठीत लिहिलेल्या बहुतेक गंभीर गोष्टी त्या वर्गात मोडतात. कोशाचे खंड संगणकावर चढविण्यासाठी वर्षानुवर्षे खपणारे संपादक शुद्धलेखनाची चर्चा तासन्‌तास करतात. ते यंत्र कोणत्या जाळ्यात आहे, त्याची दवंडी कोठवर जाते, दुसरी वाट आहे की नाही, हे प्रश्न कंत्राटदारावर सोडलेले असतात.

गावोगाव फायबर पोचले की हे सारे मिटेल, असे अनेक जण मानतात. ग्रामपंचायतींना जोडणारी योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तिच्या तारा पोचल्या आहेत, पोचत आहेत. पण कालवा शेताच्या बांधाशी आला म्हणजे पाणी आले असे होत नाही, हे आमच्या तालुक्याला तरी सांगू नये. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचा कालवा वर्षानुवर्षे होता, आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नव्हते. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये व भरत कावळे यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी शेपटाकडच्याच शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या, पाणी मोजून घेण्याचा करार सरकारशी केला, आणि पुढे सबंध प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले. कालव्याची लांबी वाढली नव्हती. बदलले ते कोणी कोणाला, किती, कोणत्या पाळीने द्यावयाचे याचे लेखी ठरणे.

आमचे म्हणणे तेवढेच आहे, आणि ते दोन पातळ्यांवर आहे. शासन, विद्यापीठे आणि साहित्यसंस्था यांनी संकेतस्थळाची निविदा काढताना जागेचा आणि वेगाचा उल्लेख करतात, तसा पोहोचेचाही करावा: निदान दोन निरनिराळ्या जाळ्यांतून भाड्याची वाट, आणि त्याशिवाय सार्वजनिक फाट्यावर हजेरी. दुसरे, लहानांविषयी. वणी, दिंडोरी, कळवण, सुरगाणा येथे आपापल्या खांबांवरून तारा नेणारे केबलचालक एकाच मोठ्या पुरवठादाराचे ग्राहक असतात, आणि त्याचे ज्याच्याशी जमत नाही त्या पत्त्यांस सगळेच मुकतात. चौघांनी मिळून मुंबईच्या फाट्यापर्यंत एक सामाईक वाट घेतली तर खर्च वाटला जाईल आणि दवंड्या थेट ऐकू येतील. यावर आम्हांस मिळालेले उत्तर असे, की ते एकमेकांचे ग्राहक पळवितात, त्यांचे एकत्र बसणे अशक्य आहे. शक्य आहे. अडचण तंत्राची नाही. पहिले भांडण रूटर कोणाच्या माडीवर ठेवावा आणि विजेचे बिल कोणी भरावे यावर होईल, आणि ते मिटविण्याचा अनुभव असलेली माणसे वाघाडच्या पाणीवापर संस्थांत, येथून तासाभराच्या वाटेवर आहेत.